पवनचक्की स्वस्त झाली, पण बॅटरी भरल्यावर वीज जाणार कुठे?

सातारा-सांगलीच्या पठारांवरील छोट्या पवन जनित्रांसाठी चार्जिंग नियंत्रणाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) नवे दर लागू झाले. त्यात सौर उपकरणांबरोबर पवनचक्क्या आणि वाऱ्यावर चालणारी वीज जनित्रे यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इन्व्हर्टरला वापरतो त्या लेड-ॲसिड बॅटरीवरचा करही २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. तेव्हापासून डोंगरावरच्या वस्तीसाठी, गोठ्यासाठी किंवा रानातल्या झटका मशीनसाठी छोटी पवनचक्की घ्यावी का, हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे.

विक्रेता किती वॅटची चक्की, पाती किती, किंमत किती हे सांगेल. बॅटरी भरल्यानंतर ही वीज कुठे जाणार, हे तुम्हालाच विचारावे लागेल. आपल्या दोन जिल्ह्यांत चक्की टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात जळणार, हे बहुतांशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. म्हणून खरेदीआधी हा लेख शांतपणे वाचा.

करकपातीने किती वाचले?

समजा, चक्कीची करापूर्वीची किंमत १,००,००० रुपये आहे. पूर्वी ती १,१२,००० रुपयांना पडली असती, आता १,०५,००० रुपयांना पडेल. बॅटऱ्यांची करापूर्वीची किंमत ३०,००० रुपये धरली, तर पूर्वीचे ३८,४०० रुपये आता ३५,४०० होतात. दोन्ही मिळून सुमारे १०,००० रुपये वाचले. आमचा सल्ला असा, की या पैशात मोठी चक्की घेऊ नका. ते चांगला कंट्रोलर, जास्तीची वीज जिरवणारी कॉइल आणि ब्रेक स्विच यांवर घाला. का, ते पुढे पाहू.

वारा आखाडात, गरज उन्हाळ्यात

पाटण तालुक्यातील वनकुसवडे, ठोसेघरजवळील चाळकेवाडी, शिराळ्यातील गुढे पाचगणी आणि कवठेमहांकाळमधील ढालगाव इथल्या मोठ्या पवनचक्क्या आपण वर्षानुवर्षे पाहतो. त्यांच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तयार होतो. मृग लागला की वारा उठतो, आषाढात तो थांबायचे नाव घेत नाही. दसऱ्यानंतर मात्र वारा पडतो आणि थंडीत पाती कित्येक दिवस जेमतेम फिरतात.

सूर्याचे उलट आहे. घाटमाथ्यावर जुलैमध्ये दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि सौर पॅनेलची वीज खूप घटते. ऊन गेले की वारा येतो, म्हणून सौर आणि पवन यांची जोडी आपल्याकडे चांगली जमते. इथपर्यंत विक्रेत्याचे म्हणणे खरे आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. पावसाळ्यात सिंचन बंद असते आणि शेतातला विजेचा खप सर्वांत कमी असतो. म्हणजे वीज सर्वांत जास्त येते तेव्हाच ती लागत नाही. बॅटरी भरून राहते आणि चक्की मात्र फिरतच असते.

आकड्यांत पाहू. १२ व्होल्टच्या १५० एएच क्षमतेच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची मांडणी केली, तर त्यात एकूण ३.६ युनिट वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून वापरायला १.८ युनिट. गोठ्यात ९ वॅटचे ५ दिवे ६ तास लागले तर २७० वॅट-तास, ८ वॅटचे झटका मशीन १२ तास चालले तर सुमारे १०० वॅट-तास आणि मोबाइल चार्जिंगला ५०. एकूण रोजचा खप ४२० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटाहूनही कमी.

आता ५०० वॅटची चक्की जुलैच्या वाऱ्याच्या दिवशी सरासरी २५० वॅट देत राहिली, तर २४ तासांत ६ युनिट होतात. निम्मी रिकामी बॅटरीसुद्धा ८-९ तासांत भरते. त्यानंतर रोज साडेपाच युनिट वीज उरते. ही उरलेली वीज जिरवायची सोय मांडणीत हवी, नाहीतर ती बॅटरी आणि जनित्र खाऊन टाकते.

सौर पॅनेलसारखी चक्की “बंद” करता येत नाही

सौर पॅनेलचा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. पॅनेलला त्याने काही होत नाही, ते उन्हात नुसते पडून राहते. अनेक जण हाच सौर कंट्रोलर पवनचक्कीला जोडतात, आणि नुकसानीची सुरुवात तिथेच होते.

उसाने भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकला तर काय होईल, ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. पवनचक्कीचेही तसेच आहे. बॅटरीत जाणारा प्रवाहच पात्यांना आवर घालत असतो. तो अचानक तुटला की पात्यांवरचा भार जातो आणि ती सुसाट सुटतात. २४ व्होल्टच्या जनित्राचा दाब मग दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. आधी कंट्रोलर आणि रेक्टिफायर जळतो, मग पात्यांना हादरे बसतात आणि बेअरिंग जाते. पाते तुटून उडाले तर माणसाच्या किंवा जनावराच्या जिवावर बेतते.

म्हणून चक्कीच्या नियंत्रणाचा पहिला नियम लक्षात ठेवा: वारा असताना चक्कीवरचा भार कधीही तोडायचा नाही. तो बॅटरीवरून दुसरीकडे वळवायचा.

वाऱ्याचा जोर तिप्पट, विजेचा जोर सत्तावीसपट

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट, तिप्पट झाला की सत्तावीसपट. अडीच मीटर व्यासाच्या चांगल्या चक्कीचा अंदाज असा:

- सेकंदाला ४ मीटर (ताशी सुमारे १४ किमी) वाऱ्याला: सुमारे ५० वॅट
- सेकंदाला ८ मीटर (ताशी सुमारे २९ किमी) वाऱ्याला: सुमारे ४०० वॅट
- सेकंदाला १२ मीटर (ताशी सुमारे ४३ किमी) वाऱ्याला: न आवरल्यास सुमारे १,४०० वॅट

पठारावर पावसाळ्यात ताशी ४३ किमीचे झोत काही नवलाचे नाहीत. ५०० वॅटच्या जनित्रावर तिप्पट जोर येऊ शकतो, तो आवरण्यासाठी तीन थरांची व्यवस्था लागते.

१. यांत्रिक आवर. चांगल्या छोट्या चक्कीची शेपटी बिजागरीवर बसवलेली असते. वारा ठरावीक वेगापुढे गेला की शेपटी दुमडते, चक्की वाऱ्याला तिरकी होते आणि जोर सुटतो. काही यंत्रांत त्यासाठी पाती वळण्याची सोय असते. यातले काहीच नसेल आणि “कंट्रोलर सगळे पाहतो” असे उत्तर मिळाले, तर ती चक्की पठारावर लावू नका.

२. डायव्हर्शन कंट्रोलर आणि कॉइल. हा कंट्रोलर बॅटरीचा दाब पाहतो. बॅटरी भरत आली की जास्तीची वीज हळूहळू एका मोठ्या रेझिस्टर कॉइलकडे वळवतो. तिथे विजेची उष्णता होते आणि चक्कीवरचा भार कायम राहतो. याला डंप लोड असेही म्हणतात.

३. ब्रेक स्विच. जनित्रातून येणाऱ्या तिन्ही तारा आपसात जोडणारा हा स्विच आहे. तो दाबला की कायम चुंबकाचे जनित्र स्वतःलाच अडवते आणि पाती मंदावतात. दुरुस्तीसाठी, गावाला जाताना किंवा वादळाचा इशारा आल्यावर तो वापरायचा. वारा मंद असतानाच ब्रेक लावा. भर वादळात लावला तर पाती थांबतीलच असे नाही आणि जनित्राची वाइंडिंग तापून जळू शकते.

कॉइल कशी निवडाल?

कॉइल चक्कीच्या कमाल उत्पादनापेक्षा किमान पाव पट जास्त क्षमतेची हवी. कमाल उत्पादन ५०० वॅट असेल, तर ६२५ वॅटची कॉइल. २४ व्होल्टच्या मांडणीत बॅटरी भरताना दाब २८.८ व्होल्ट असतो. २८.८ चा वर्ग सुमारे ८२९. त्याला ६२५ ने भागले की सुमारे १.३ ओहम येते. इतक्या रोधाची कॉइल हवी आणि तिच्यातून सुमारे २२ अँपिअर प्रवाह जाईल. कंट्रोलर, वायर आणि जोडण्या तेवढ्या ताकदीच्या हव्यात.

इथे एक चूक नेहमी होते. घरातला १,५०० वॅटचा पाणी तापवण्याचा हीटर आणून जोडला जातो. तो १,५०० वॅट देतो ते २३० व्होल्टवर. त्याचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. २८.८ व्होल्टवर तो जेमतेम २४ वॅट जिरवतो. चक्कीच्या दृष्टीने असा हीटर जोडणे आणि काहीच न जोडणे सारखेच. कमी व्होल्टेजसाठीच बनवलेली कॉइल घ्या.

कॉइल लाल होण्याइतकी तापू शकते. कडबा, वैरण, प्लॅस्टिक, खताची पोती यांपासून ती लांब, हवेशीर जागी, जाळीच्या आत बसवा. योग्य रोधाचे पाण्यात बसणारे एलिमेंट मिळाले, तर याच विजेवर दुधाची भांडी धुण्यासाठी पाणी कोमट होते. पण टाकी कधी रिकामी राहणार नाही आणि पाणी उकळू लागले तर वाफ बाहेर पडेल, याची सोय हवी.

बॅटरी कोणती, तसे नियंत्रण

*लेड-ॲसिड (ट्युब्युलर):* २४ व्होल्टच्या जोडीसाठी चार्जिंगची वरची मर्यादा २८.८ व्होल्ट आणि भरल्यानंतर टिकवण्याचा दाब २७ ते २७.६ व्होल्ट ठेवा. त्यापुढे गेले की पाणी उकळते, हायड्रोजन वायू सुटतो आणि प्लेटा खराब होतात. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या १० टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. ५०० वॅटची चक्की पूर्ण जोरात १८ अँपिअर देते. म्हणून दाबाबरोबर प्रवाहही मर्यादेत ठेवणारा कंट्रोलर पाहा. बॅटरी बंद खोलीत ठेवू नका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी तपासा.

*लिथियम (आयर्न फॉस्फेट):* ही बॅटरी जास्त टिकते, पण चक्कीसोबत एक धोका आहे. तिच्या आत संरक्षक सर्किट (बीएमएस) असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ते बॅटरी तोडते, आणि त्याच क्षणी चक्की बेभार होते. म्हणून २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी कंट्रोलर २८ ते २८.४ व्होल्टच्या आसपास वीज वळवायला सुरुवात करेल असा बसवा, बीएमएस तोडायच्या आधी. बॅटरी तुटली तरी कॉइल चालू राहील किंवा चक्कीला आपोआप ब्रेक लागेल, असाच कंट्रोलर घ्या आणि ते कोटेशनवर लिहून घ्या.

कंट्रोलर बॅटरीजवळ हवा

कंट्रोलर बॅटरीचा दाब मोजून निर्णय घेतो. तो खांबाच्या पायथ्याशी आणि बॅटरी ३० मीटर दूर गोठ्यात असेल, तर ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरमध्येसुद्धा १८ अँपिअरला सुमारे सव्वातीन व्होल्ट पडतात. कंट्रोलरला बॅटरी भरलेली दिसते, प्रत्यक्षात ती अर्धवट असते. वीज कॉइलमध्ये जाते आणि बॅटरी कायम उपाशी राहते. म्हणून जनित्राच्या तीन तारा गोठ्यापर्यंत आणा आणि कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी बसवा.

जोडणीचा क्रमही ठरलेला आहे: आधी बॅटरी, मग कॉइल, मग सौर पॅनेल आणि शेवटी ब्रेक लावलेली चक्की. काढताना उलट क्रमाने: पहिल्यांदा ब्रेक, मग चक्की, शेवटी बॅटरी. हा क्रम कागदावर लिहून कंट्रोलरशेजारी चिकटवा. घरात तुम्ही नसताना दुसऱ्या कोणाला हात घालावा लागला तर तो कागदच उपयोगी पडतो.

जाहिरातीतला दावा घरीच तपासा

एक मीटर व्यासाच्या चक्कीवर “१ किलोवॅट” असे लिहिलेले दिसले तर थांबा. अशा पात्यांतून सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणाऱ्या वाऱ्यात, आपल्या पठाराच्या उंचीवर, एकूण सुमारे ७५० वॅट शक्ती असते. कोणतीही चक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त शक्ती घेऊ शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी मांडलेली ही मर्यादा शंभर वर्षांपासून मान्य आहे. म्हणजे कितीही भारी यंत्र असले तरी या वाऱ्यात ४५० वॅटच्या पुढे जाणार नाही, आणि प्रत्यक्षात त्याच्याही बरेच खाली राहील. पाती तीन आहेत की पाच, यापेक्षा पात्यांचा व्यास विचारा.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये?

- घरी महावितरणची वीज नीट येत असेल, तर बॅटरीची पवनचक्की परवडत नाही. छतावर सौर पॅनेल बसवा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.
- सिंचनाच्या पंपासाठी ही चक्की नाही. ३ एचपीच्या पंपाला चालताना २.२ किलोवॅटपेक्षा जास्त वीज लागते. त्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. तिथे सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे.
- कृष्णा-वारणा काठच्या उसाच्या पट्ट्यात, झाडी आणि घरांच्या गराड्यात वारा पुरेसा लागत नाही.
- पाटण, जावळी, साताऱ्याचे सडे, शिराळ्याचा डोंगरमाथा, कवठेमहांकाळ आणि जतची मोकळी माळराने, जिथे खांबावरची वीज दूर आहे आणि पावसाळ्यातही दिवे, झटका मशीन चालू हवे, तिथे सौरच्या जोडीला छोटी चक्की उपयोगी आहे.

मांडणी ठरवताना जुलैचा वारा धरू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारीची गरज सौर पॅनेल एकट्याने भागवेल असे पॅनेल आधी घ्या. चक्की ही पावसाळ्यातली साथ समजा. आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमधल्या झाड-घरापेक्षा ती किमान ३० फूट उंच हवी. घराच्या पत्र्यावर किंवा स्लॅबवर लावू नका, हादऱ्याने भिंतीला तडे जातात आणि गिरकी घेणारा वारा बेअरिंग खातो.

अनुदानाच्या नावाखाली फसू नका

पूर्वी केंद्र सरकारची लघु पवन व संकरित प्रणाली योजना होती आणि महाराष्ट्रात ती महाऊर्जामार्फत राबवली गेली. तिचा संदर्भ देऊन “अनुदान मिळवून देतो” म्हणत कोणी आगाऊ पैसे मागितले, तर महाऊर्जाच्या विभागीय कार्यालयाकडून लेखी खात्री झाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. त्या योजनेतली एक गोष्ट मात्र आजही घेण्यासारखी आहे. तेव्हा तपासणी होऊन सरकारी यादीत आलेल्या यंत्रांनाच अनुदान मिळे. तुम्हीही आयएस/आयईसी ६१४००-२ या छोट्या पवनचक्क्यांच्या मानकानुसार चाचणी झाल्याचा अहवाल मागा.

मृगाआधी करायची तपासणी

कृषी सहायक आणि गावातील तंत्रज्ञांनी भेटीला जाताना मल्टिमीटर सोबत ठेवावा. आधीच चक्की असलेल्या शेतकऱ्यांनी मे महिन्यातच पुढील गोष्टी पाहाव्यात:

१. ब्रेक स्विच दाबल्यावर मंद वाऱ्यात पाती मंदावतात का?
२. शेपटीची बिजागरी गंजली आहे का? ग्रीस लावा.
३. कॉइल तुटलेली नाही ना? चक्कीला ब्रेक लावून, कॉइल सुटी करून तिचा रोध मोजा. मीटरने अनंत रोध दाखवला तर कॉइल गेली.
४. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करून नटबोल्ट आवळा. सैल टोक म्हणजे तुटलेला भार.
५. खांबाचे ताण आणि अर्थिंग तपासा. वळवाच्या विजा पठारावर आधी खांबच शोधतात.
६. वाऱ्याच्या दिवशी बॅटरी भरल्यावर दाब मोजा. लेड-ॲसिडच्या २४ व्होल्ट मांडणीत तो २८.८ च्या आसपास थांबला आणि कॉइल गरम झाली, तर नियंत्रण चालू आहे. दाब २९.५ च्या पुढे चढत राहिला, तर वारा उतरताच ब्रेक लावा आणि कंट्रोलर दुरुस्त होईपर्यंत चक्की सोडू नका.

जुनी लेड बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या.

खरेदीला जाल तेव्हा कोटेशनमध्ये चार ओळी स्वतंत्र लिहून मागा: कंट्रोलरची कमाल क्षमता, कॉइलचे वॅट आणि ओहम, ब्रेक स्विच, आणि बॅटरी तुटल्यास चक्की कशी आवरली जाईल. या चारही ओळी भरून मिळाल्या तरच पुढे व्यवहाराचे बोला. एखादी ओळ रिकामी राहिली, तर यंदाचा पावसाळा सौर पॅनेलवर काढा.